अंधार की आग?
मोटारीचे दिवे, तारा आणि फ्यूज यांचा इतिहास

घरातला फ्यूज उडाला तर काय होते? पंखा थांबतो, अंधार होतो, कोणीतरी चाचपडत काड्यापेटी शोधते. थोडी गैरसोय होते, पण कोणाच्या जिवावर बेतत नाही. आता हाच फ्यूज रात्री घाटातल्या वळणावर, साठ-सत्तर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत उडाला आणि पुढचे दोन्ही दिवे एकदम विझले तर? घरात जो उपाय आपल्याला वाचवतो, तोच इथे दरीत नेऊ शकतो.

मग मोटारीच्या दिव्यांना फ्यूज लावूच नये काय? तसे केले आणि कुठे तार घासून उघडी पडली, तर ती क्षणात लालबुंद होते आणि गाडी पेटते. म्हणजे एकीकडे अंधार आणि दुसरीकडे आग. मोटारीच्या दिव्यांची जोडणी करणाऱ्या अभियंत्यांपुढे हा पेच सुमारे शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला, आणि गंमत अशी की वेगवेगळ्या देशांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली. ही उत्तरे समजून घेण्यासारखी आहेत. आज गल्लोगल्ली मोटारी, जीपा आणि मोटारसायकलींना जादा दिवे बसवून मिळतात, आणि ते बसवताना ही शंभर वर्षांची शिकवण पुष्कळदा एका चिकटपट्टीखाली गाडली जाते.

सुरुवातीच्या मोटारींना विजेचे दिवे नव्हतेच. घोडागाडीचे तेलाचे कंदील त्यांच्यावर आले आणि वेग वाढला तसे ते अपुरे पडले. मग कार्बाइडचे दिवे आले. आंबे पिकवायला ज्याचा (बेकायदा) वापर होतो तेच हे कॅल्शियम कार्बाइड. त्यावर थेंबथेंब पाणी पडले की अॅसिटिलीन वायू तयार होतो आणि तो पांढऱ्या, तेजस्वी ज्योतीने जळतो. अमेरिकेत १९०४ पासून प्रेस्ट-ओ-लाइट या कंपनीने हा वायू सिलिंडरमध्ये भरून विकायला सुरुवात केली. प्रकाश उत्तम, पण अॅसिटिलीन हा मोठा तापट वायू. या कंपनीच्या इंडियानापोलिसमधल्या कारखान्यात स्फोट झाले. शिवाय प्रत्येक वेळी गाडीतून उतरून काडी ओढायची, पावसात ती विझली की पुन्हा ओढायची, हे होतेच.

विजेचे दिवे लवकर का आले नाहीत? बल्ब तर १८७९ पासून होता. पण त्यातला कार्बनचा तंतू खडबडीत रस्त्यावरचे धक्के सोसत नसे. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची लवचीक तार काढण्याची रीत शोधली आणि धक्के सोसणारा बल्ब शक्य झाला. त्यानंतर मात्र बदल झपाट्याने झाला. चार्ल्स केटरिंग यांची विजेवर इंजिन सुरू करणारी आणि दिवे लावणारी यंत्रणा १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आली. जर्मनीत बॉश कंपनीने १९१३ मध्ये जनित्र, नियंत्रक, बॅटरी आणि दिवे असा पूर्ण संच बाजारात आणला.

इथे फोर्डच्या 'मॉडेल टी'कडे थोडे थांबून पाहायला हवे. १९१५ पासून या गाडीला विजेचे दिवे मिळाले, पण ते बॅटरीवर चालत नसत. इंजिनाच्या जडचाकात बसवलेल्या मॅग्नेटोमधून थेट वीज येई. इंजिन जोरात फिरले की दिवे लख्ख, मंदावले की पिवळे. ज्यांनी जुनी लुना किंवा स्कूटर चालवली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चढावर गाडी दमली की दिवाही मलूल व्हायचा आणि चालक उगाच अॅक्सिलरेटर पिळायचा. मॉडेल टी मध्ये आणखी एक घोळ होता. सुरुवातीला तिचे दोन्ही दिवे एकसर जोडणीत होते. एकाचा तंतू तुटला की दुसराही विझे. एकसर आणि समांतर जोडणीतला फरक शिकवताना याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

मात्र या मॅग्नेटोचा एक गुण लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी तो ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह देऊच शकत नाही. त्यामुळे दिवा विझतो, पण तार सहसा पेटत नाही. बॅटरीची गोष्ट नेमकी उलटी. तिने स्थिर प्रकाश दिला आणि त्याबरोबर जाळण्याची ताकदही आणली.

ही ताकद किती, ते मोजून पाहू या. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची असते. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी, असा समज सर्रास आढळतो. घरातल्या २३० व्होल्टला आपण भितो आणि या बारा व्होल्टशी हसतखेळत वागतो. पण तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गावर आणि रोधावर अवलंबून असते. जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडलेला हा नियम आपण नववी-दहावीत शिकवतो. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची चार मीटर तार घ्या. तिचा रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. बॅटरीचा अंतर्गत रोध साधारण ०.०१ ओहम धरू. या तारेचे टोक थेट बॅटरीच्या दुसऱ्या अग्राला टेकले तर प्रवाह होईल १२ भागिले ०.०८, म्हणजे १५० अँपिअर. आणि तारेतली उष्णता १५० गुणिले १५० गुणिले ०.०७, म्हणजे दीड हजार वॅटहून अधिक! कपड्यांच्या इस्त्रीहून जास्त उष्णता त्या बोटाएवढ्याही जाड नसलेल्या तारेत निर्माण होते. तारेचे वस्तुमान सुमारे ३६ ग्रॅम आणि तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.३९ ज्यूल प्रतिग्रॅम प्रतिअंश. गणित करून पाहा, तापमान दर सेकंदाला शंभर अंशांहून अधिक वेगाने चढते. (तार तापते तसा तिचा रोध वाढतो, त्यामुळे पुढे हा वेग थोडा घटतो, पण त्याने आपली सुटका होत नाही.) तारेवरचे पीव्हीसीचे वेष्टन प्रकारानुसार ७० ते १०५ अंशांपर्यंत टिकेल अशा बेताचे असते. एक-दोन सेकंदांत ते मऊ होते, मग धूर येतो आणि शेजारच्या तारांचेही वेष्टन वितळू लागते.

पण तारेचे टोक बॅटरीच्या दुसऱ्या अग्राला टेकेल कशाला? घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा दिव्यापर्यंत जातात. मोटारीत बहुधा एकच जाते. परतीचा प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून येतो. ही युक्ती तारायंत्राकडून आली. म्युनिकच्या कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल यांनी १८३८ मध्ये दाखवून दिले की, परतीच्या तारेचे काम जमीन करू शकते आणि निम्मी तार वाचते. मोटारीचे मिस्त्री सांगाड्याला आजही 'अर्थ' म्हणतात, ती गाडी चार रबरी चाकांवर जमिनीपासून अलग उभी असली तरी! या युक्तीने तांबे वाचले, पण गाडीतला प्रत्येक पत्रा, प्रत्येक बोल्ट हा बॅटरीचे दुसरे अग्र बनला. कुठेही तार घासली, वेष्टन फाटले, की परिपथ पूर्ण.

यावरचा उपाय मोटारीहून जुना आहे. फ्रान्समधील ब्रेगे यांनी १८४७ मध्ये सुचवले होते की, तारायंत्राच्या कचेरीत येणाऱ्या तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवावा. वीज पडली तर तो वितळेल आणि यंत्र वाचेल. एडिसन यांनी घरोघरी वीज द्यायला सुरुवात केल्यावर हीच कल्पना वापरली आणि १८९० मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आपल्या पाठ्यपुस्तकातली वितळतार ती हीच. फ्यूज म्हणजे साखळीतली मुद्दाम कमकुवत ठेवलेली कडी. इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण ती अनेक पुस्तकांतही धूसर असते. हा फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो. दिवा बिघडला तर बिघडला, नवा आणता येतो. फ्यूज असतो तो तारेसाठी.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. हार्डवेअरच्या दुकानात लाकूड घासायचे बारीक स्टील वूल मिळते. त्याचा एकच धागा टॉर्चच्या दोन सेलच्या परिपथात, लहान बल्बबरोबर एकसर जोडा. बल्ब लागतो, धाग्याला काही होत नाही. मग बल्बची दोन टोके एका तारेने जोडून टाका. धागा लाल होऊन तुटतो. खाली चिनी मातीची बशी ठेवावी, डोळे दूर ठेवावेत आणि हा प्रयोग मोटारीच्या बॅटरीवर कधीही करू नये.

आता त्या पेचाकडे वळू.

ब्रिटिशांनी आगीपेक्षा अंधाराला जास्त मोठा धोका मानले. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत फ्यूजपेटीत फक्त दोन फ्यूज असत. त्यांतल्या एकावर भोंगा असे. म्हणजे भोंग्याला फ्यूज होता, पण पुढच्या मोठ्या दिव्यांना नव्हता! त्या काळच्या ब्रिटिश तारांचे रंगसुद्धा हेच सांगतात. तपकिरी तार थेट बॅटरीकडून येणारी, फ्यूज नसलेली. जांभळी फ्यूजमधून आलेली. काळी अर्थची. मोठ्या दिव्यांची निळी तार बटणामार्फत तपकिरीलाच जोडलेली. यात निष्काळजीपणा नव्हता. तारा पुरेशा जाड, कापडी वेष्टनात नीट बांधलेल्या आणि पत्र्यातून जिथे जातात तिथे रबरी ग्रोमेट बसवलेले, अशी काळजी घेतली तर शॉर्ट सर्किट होणार नाही, हा त्यामागचा विश्वास होता. गाडी नवी असेतो तो खराही ठरे. पंधरा वर्षांनी रबर कडक होऊन तडकते, तेव्हा काय, याचे उत्तर त्यात नव्हते. बर्मिंगहॅमच्या लूकस कंपनीचे विद्युत साहित्य या गाड्यांत असे आणि तिला 'अंधाराचा राजपुत्र' असे टोपणनाव पडले. एकेकाळी याच कंपनीच्या सायकलच्या दिव्याचे नाव 'किंग ऑफ द रोड' होते, म्हणून हा विनोद जास्तच झोंबला असावा.

आपला या परंपरेशी जवळचा संबंध आहे. उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत राहिलेली अॅम्बॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. मद्रासमध्ये १९६१ साली लूकस-टीव्हीएस कंपनी स्थापन झाली. आपल्याकडच्या कितीतरी मोटार-वायरमननी आपला धंदा याच पद्धतीच्या गाड्यांवर शिकला.

अमेरिकनांनी वेगळीच तोड काढली. त्यांनी दिव्यांच्या परिपथात फ्यूजऐवजी द्विधातूची पट्टी बसवली. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या की तापल्यावर त्या वाकतात, कारण दोन्हींचे प्रसरण सारखे नसते. जॉन हॅरिसन यांनी अठराव्या शतकात जहाजावरच्या घड्याळासाठी वापरलेले हे तत्त्व. प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पट्टी तापून वाकते, परिपथ तुटतो, दिवे जातात. पण क्षणभरात पट्टी थंड होऊन सरळ होते आणि दिवे पुन्हा लागतात. दोष कायम असेल तर दिवे असे मिचमिचत राहतात. तार थंड राहायला वेळ मिळतो आणि चालकाला त्या लुकलुकत्या उजेडात गाडी कडेला घेता येते. आम्हाला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

जर्मनांचे उत्तर सर्वांत साधे आणि अखेर तेच टिकले. फोक्सवॅगन बीटलमध्ये डाव्या आणि उजव्या दिव्यांसाठी वेगवेगळे फ्यूज होते. डाव्या बाजूची तार घासली तर डावा दिवा जाईल, उजवा चालूच राहील. अंधारही नाही आणि आगही नाही. मॉडेल टी मधल्या एकसर दिव्यांच्या तुलनेत ही किती लांबची मजल आहे, ते पाहा.

१९६० च्या दशकात एक नवी अडचण आली. युरोपात १९६२ मध्ये हॅलोजन बल्ब मोटारींना लागले आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४ बल्ब आला. त्याचा दूरच्या प्रकाशाचा तंतू ६० वॅटचा. दोन दिवे मिळून १२० वॅट, म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर. जुन्या पद्धतीत हा सगळा प्रवाह बॅटरीपासून चालकापुढच्या बटणापर्यंत, तिथून पायाने दाबायच्या डिपरपर्यंत आणि मग पुढे दिव्यांपर्यंत असा वळसा घेत जाई. वरच्याच चार मीटर तारेत आता ०.७ व्होल्ट वाया जातात. ते किरकोळ वाटतात, पण बल्बचा प्रकाश व्होल्टच्या साधारण ३.४ या घाताने बदलतो. ०.७ व्होल्ट गेले की प्रकाश १८ टक्क्यांनी घटतो. आता कोणी हौसेने ६० ऐवजी १०० वॅटचे बल्ब घातले तर प्रवाह जवळजवळ १७ अँपिअर होतो, तारेतली उष्णता ७ वॅटवरून १९ वॅटवर जाते आणि प्रकाशाची घट ३० टक्क्यांच्या घरात पोहोचते. पैसे मोजून आणलेल्या उजेडाचा मोठा वाटा तार आणि बटण तापवण्यात जातो. बटणाचे प्लास्टिक वितळलेले दिसते ते यामुळेच.

याचे उत्तर तयारच होते, तेही तारायंत्राच्या घरातून आलेले. जोसेफ हेन्री यांनी १८३५ मध्ये विद्युतचुंबकाने दुसरा परिपथ जोडून दाखवला होता. लांबून येणारा क्षीण प्रवाह चुंबकाला जागा करतो आणि चुंबक जवळच्या बॅटरीचा जोरकस प्रवाह पुढे सोडतो. डाकेचे दमलेले घोडे टप्प्यावर बदलून ताजे जोडायचे, त्या घोडेबदलीचा शब्द या यंत्राला मिळाला, रिले. मोटारीत आता बटणातून रिलेच्या वेटोळ्यापुरता सुमारे ०.१५ अँपिअर प्रवाह जातो, आणि दिव्यांचा दहा अँपिअर प्रवाह बॅटरीकडून जाड, आखूड तारेने सरळ दिव्याकडे. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ते जर्मन मानकातून आले. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी तार, ८७ म्हणजे दिव्याकडे जाणारी, ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. ज्या मिस्त्र्यांना एकही जर्मन शब्द ठाऊक नाही तेही हे आकडे पाढ्यांसारखे म्हणतात.

आता जादा दिव्यांचे पाहू. धुक्यासाठी, घाटासाठी किंवा निव्वळ रुबाबासाठी दोन दिवे घेतले जातात. दुकानदार मूळ दिव्याच्या तारेचे वेष्टन सोलतो, नवी तार तिला पिळतो आणि वर काळी पट्टी गुंडाळतो. दिवे लागतात, गिऱ्हाईक खूश. प्रत्यक्षात मूळ तारेवर आता तिच्यासाठी न मोजलेला भार आलेला असतो. लवकरच फ्यूज उडतो. मग दहाच्या जागी तीसचा फ्यूज घालतात, किंवा सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. त्या क्षणी साखळीतली सर्वांत कमकुवत कडी बदलते. वितळण्याचे काम आता तारेकडे येते.

दुसरा मिस्त्री थोडा हुशार असतो. तो थेट बॅटरीवरून नवी तार घेतो, रिलेही लावतो, पण फ्यूज बसवतो तो दिव्याजवळ, दिसायला सोयीचा म्हणून. हे जवळजवळ न बसवल्यासारखेच. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची तार संरक्षणाबाहेर राहते आणि घासण्याची भीती त्या वाटेवरच जास्त. फ्यूजची जागा बॅटरीपासून वीतभर अंतरावर असते. त्याची किंमत दिव्यांच्या प्रवाहाहून थोडी जास्त, पण तार सुखरूप वाहू शकेल त्याहून कमी असावी लागते. दोन दिव्यांना दहा अँपिअर लागत असतील तर अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज हा हिशेब जमतो. तार पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, आणि दिव्याच्या अर्थसाठी गंजलेल्या बोल्टवर विसंबण्याऐवजी वेगळी तार. कामे एवढीच आहेत, आणि ती करायला वेळ मात्र चौपट लागतो. अडचण खरी तिथे आहे.

काचेच्या नळीतल्या जुन्या फ्यूजबाबत एक सापळा सांगून ठेवतो. लूकसच्या फ्यूजवर ३५ लिहिलेले असे, ते उडण्याचा आकडा म्हणून. सतत वाहण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर. अमेरिकी पद्धतीत छापलेला आकडा क्षमतेचा असतो. जुन्या गाडीत त्याच मापाचा दुसरा ३५ चा फ्यूज घातला की संरक्षण निम्म्यावर येते. १९७६ मध्ये लिटलफ्यूज कंपनीने आणलेल्या पात्यांच्या फ्यूजनी हा गोंधळ बराच कमी केला. लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तीसचा. रंगावरून चूक लांबूनही दिसते.

एलईडी दिव्यांमुळे आता हे सगळे कालबाह्य झाले, असे कोणी म्हणेल. एलईडी कमी प्रवाह घेतो, तारा कमी तापतात, हे खरे. पण तार घासून पत्र्याला टेकली तर बॅटरी तिच्या टोकाला कोणता दिवा आहे हे विचारत नाही. वरचे दीडशे अँपिअरचे गणित करताना आपण दिव्याचा विचार कुठेच केला नव्हता. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ बनावटीशी विसंगत बदल करण्यावर निर्बंध आहेत. समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे त्यात बसत नाहीत, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

अलीकडच्या अनेक गाड्यांत दिव्याचा परिपथ फ्यूजऐवजी एका इलेक्ट्रॉनिक स्विचच्या ताब्यात असतो. तो प्रवाह सतत मोजतो, जास्त दिसला की तोडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडून पाहतो. अमेरिकेतल्या त्या द्विधातूच्या पट्टीचीच ही सिलिकॉनमधली नात. अशा गाडीत कोणी तार सोलून जादा दिवा पिळला तर ती दिवा बिघडल्याचा इशारा देते किंवा वीजच तोडते, आणि मिस्त्री गाडीला नावे ठेवतो.

बाकीच्या गाड्यांत फ्यूज अजून आहेतच. शाळेच्या आवारात एखादी कार उभी असेल तर मालकाच्या परवानगीने तिच्या फ्यूजपेटीचे झाकण उघडून मुलांना आतला तक्ता वाचायला द्यावा. डावा दिवा आणि उजवा दिवा अशा दोन वेगळ्या ओळी त्यांना बहुधा सापडतील. त्या दोन का, हे आधी त्यांनाच विचारावे.